पैसे घेऊन शोधनिबंध छापणाऱ्या संपादकांस



तुमच्या नियतकालिकाच्या नावात 'आंतरराष्ट्रीय' आहे, 'बहुविद्याशाखीय' आहे. मुखपृष्ठावर ठसठशीत आय.एस.एस.एन. क्रमांक आहे. हा क्रमांक नियतकालिकाची नुसती ओळख सांगतो, दर्जाची हमी देत नाही, हे तुम्हांला पक्के ठाऊक आहे. तरी तो एवढा मोठा छापता, कारण पैसे भरणाऱ्याला मुलाखतीत तोच दाखवायचा असतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तुमचा निरोप माझ्यापर्यंतही आला. भाषाविज्ञान, साहित्य, भाषाशिक्षण, वाणिज्य, गृहविज्ञान, सगळे चालेल. लेख पाठवा, शुल्क भरा, आठवड्याच्या आत प्रमाणपत्र घ्या. एवढ्या विषयांतले एवढे लेख आठवड्यात वाचून, तपासून, दुरुस्त करून घेणारा माणूस महाराष्ट्रात नाही. तुमच्याकडेही तो नाही. तुम्ही लेख वाचतच नाही.

मी हे आंजीहून लिहितो आहे. वर्धा-आर्वी रस्त्यावरचे हे गाव. इथली पोरे पहिलीत येतात तेव्हा 'मले पानी पायजे' म्हणतात. 'काळा'चा 'काया' करतात. पुस्तकात 'मला', 'पाणी', 'काळा' असते. ही पोरे चुकत नाहीत, ती आपल्या आईची भाषा बोलतात. तिच्यावरून पुस्तकाच्या भाषेकडे त्यांना कसे न्यावे, हा रोज वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर संशोधनातूनच यायला हवे. ते शोधताना तुमच्या अंकातला आमच्या भागातल्या बोलीवरचा एक लेख हाती आला. बोलणारा कोण, त्याचे वय काय, गाव कोणते, शाळा किती शिकलेला, बाई की पुरुष, यांतले एक अक्षर त्यात नाही. ध्वनिमुद्रण नाही. उदाहरणे जुन्या छापील पुस्तकातली, तीही नाव न सांगता घेतलेली. खाली मात्र 'तज्ज्ञांकडून परीक्षित' असा शिक्का. कोणत्या तज्ज्ञाने परीक्षण केले? त्याने एकही प्रश्न विचारला नाही?

खरे काम कसे होते, ते याच राज्यात बघायला मिळते. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीचा खंड 1905 साली निघाला. वऱ्हाडी आणि नागपुरी या विदर्भातल्या बोलींचे नमुने त्यात आहेत. त्यानंतर अमृत माधव घाटगे यांनी बोलींची एकेक पुस्तिका सिद्ध केली. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने बोलींचे सर्वेक्षण केले. तिथले संशोधक जिल्ह्याजिल्ह्यांतल्या गावांत जाऊन बसले, नातेवाचक शब्द विचारले, चित्रफिती दाखवून त्यांत काय घडले ते लोकांकडून वदवून घेतले, गोष्टी सांगायला लावल्या, आणि ते सगळे ध्वनिमुद्रित करून लोकांसाठी खुले केले. अशा कामाला वर्षे लागतात. ओसरीवर बसून म्हातारीचे बोलणे ऐकावे लागते, घरी येऊन तेच ध्वनिमुद्रण पुन्हापुन्हा ऐकत अक्षर अक्षर उतरवावे लागते. निवडसमितीसमोर मात्र या कामाचा लेख आणि तुमचा आठवड्यातला लेख एकाच रकान्यात बसतात. माझा राग याचाच आहे.

तुमचे दुकान कशावर चालले, हेही लोकांना कळू द्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या नेमणुकीला आणि बढतीला एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे, गुण जोडले. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलेला असण्याची अट होतीच. गुण हवेत म्हणजे निबंध हवेत, आणि निबंध हवेत म्हणजे तुम्ही हवेत. आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली, तर तुम्ही यादीत शिरलात. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 2018 साली 'करंट सायन्स'मध्ये त्या यादीची चिरफाड केली. विद्यापीठांनी शिफारस केलेल्या, तपासलेल्या नियतकालिकांपैकी 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने 4,305 नावे काढून टाकली. मग 2019 मध्ये 'केअर' यादी आली, तेव्हा खऱ्या नियतकालिकांची हुबेहूब नक्कल करणारी संकेतस्थळे उभी राहिली. फेब्रुवारी 2025 मध्ये ती यादीही बंद झाली.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम चुका पेरलेला बनावट निबंध 304 नियतकालिकांकडे पाठवला. 157 जणांनी तो स्वीकारला. ती हकीकत 2013 साली 'सायन्स'ने छापली. पण परदेशातही चोर आहेत म्हणून घरातल्या चोराला सोडायचे नसते.

आमच्याच वर्ध्यात ऑक्टोबर 1937 मध्ये शिक्षण परिषद भरली आणि शिक्षण मातृभाषेतून द्यावे असा ठराव झाला. नई तालीम या शिक्षणपद्धतीची ही भूमी आहे. मराठीला अभिजात दर्जा 3 ऑक्टोबर 2024 रोजी मिळाला, रिद्धपूरला मराठीचे विद्यापीठ उभे राहिले. आता मराठीवर निबंधांचा पाऊस पडेल, आणि तुम्ही पावसाआधीच पन्हळ लावून बसला आहात. त्या निबंधांतून आंजीच्या शिक्षकाला एकही धडा शिकवता येणार नसेल, तर आमच्या भाषेच्या नावावर तुम्ही नुसती वसुली करत आहात.

पीएच.डी. करणाऱ्या मुलांबद्दल मला कणव आहे. तासिका तत्त्वावर राबून मिळालेल्या तुटपुंज्या पैशांतून ती तुमचे शुल्क भरतात. प्रबंधाआधी निबंध छापण्याची सक्ती आयोगाने 2022 च्या नियमांत काढली, हे तुम्ही त्यांना सांगत नाही. त्यांच्या मार्गदर्शकांबद्दल मात्र मला कणव नाही. निबंध कुठे छापला हे त्यांना कळते, आणि कळूनही ते सही करतात.

म्हणून माझ्या मागण्या लिहून घ्या. प्रत्येक लेखाचे परीक्षण कोणी केले आणि काय शेरे दिले, ते जाहीर करा. न विचारता संपादक मंडळात घातलेली नावे काढा. ज्या लेखांचे परीक्षण झालेच नाही ते मागे घ्या, आणि त्या मुलांचे पैसे परत करा. मार्गदर्शकांना माझी विनंती एवढीच आहे : बोलीवरचा निबंध पुढे आला, तर सही करण्याआधी ध्वनिमुद्रण ऐकायला मागा. ते नसेल, तर सही करू नका.

आंजी (मोठी), ता. जि. वर्धा येथील एक शिक्षक