फॉस्फेट उतरविण्याचा विधी

आधी प्रवाळांची टाकी पाळणाऱ्यांना कायदेशीर सूचना. कठीण प्रवाळ भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला बसतात. तेव्हा दादर-डोंबिवलीकरांनी हे केवळ करमणूक म्हणून वाचावे. खरे लाभार्थी न्यू जर्सीच्या तळघरात शंभर गॅलन समुद्र पाळणारे आपले बांधव.

प्रथम टाकीच्या पाण्यातले फॉस्फेट वाढवून घ्यावे. माशांना गोठवलेली कोळंबी घालावी. ‘अहो, आत्ताच तर घातलंत!’ असा आवाज आल्यास ‘बघ ना, कसे बघतायत बिचारे’ म्हणत आणखी चिमूटभर टाकावी. ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या आत राहायचा आकडा ०.३ दाखवू लागला आणि काच हिरवी दिसू लागली, की साधक विधीस पात्र झाला.

आता ब्लेडने काचेवरचे शेवाळ खरवडून फेकावे आणि डॉलर मोजून दुसरे शेवाळ आणावे. फॉस्फेट खाणाऱ्या ह्या शेवाळाचे नाव कीटोमॉर्फा. दिसायला भांडी घासायच्या हिरव्या नायलॉनच्या घासणीसारखे. त्याची स्थापना खालच्या टाकीत करून वरचे दिवे मालवल्यावर त्याचा दिवा लावावा. रात्री ते कार्बन डायऑक्साइड ओढते, त्यामुळे पीएच फारसा घसरत नाही. तळघरातून रात्रभर जांभळा उजेड येतो. शेजारी नेमके काय पिकवता म्हणून विचारतील, त्यांना खरे सांगावे. विश्वास बसत नाही, पण सांगावे.

कॉलर्पा नावाचे दुसरे शेवाळ देखणे असते, तरी मोह टाळावा. एखाद्या रात्री त्याला प्रजननाची लहर येते, सकाळी ते पांढरेफटक पडते आणि खाल्लेले सगळे पाण्यात ओकून मोकळे होते. शिवाय २००० साली सॅन डिएगोजवळच्या खाजणात त्याची एक जात सापडली, तिचा नायनाट झाल्याचे जाहीर करायला २००६ उजाडले. इतका चिवट पाहुणा घरात घेऊ नये.

महिनाभर आकडा ढिम्म हलणार नाही. खडकांनी मुरवलेले फॉस्फेट पाणी स्वच्छ होऊ लागताच हळूहळू बाहेर येते. त्यातून नायट्रेट शून्यावर गेले तर कीटो वाढायचेच थांबते, कारण फॉस्फरसच्या एका अणूमागे त्याला नायट्रोजनचे साधारण तीस लागतात. मग गेल्या वर्षी ज्या नायट्रेटच्या नावाने बोटे मोडली, त्याचीच बाटली विकत आणून थेंब थेंब घालावे. चेहरा गंभीर ठेवावा.

खरी कसोटी कापणीची. शेवाळात गेलेले फॉस्फेट अजून टाकीतच असते. मूठभर उपटून, पिळून घराबाहेर जाईल तेव्हाच ते गेले. इथे भल्याभल्यांचे हात थरथरतात. एवढे वाढवले, फेकवत नाही. महाराष्ट्र मंडळात पिशव्या वाटून पाहाव्यात. दुसऱ्या महिन्यात तेच लोक आपल्या पिशव्या घेऊन येतात. कुंडीतल्या कढीपत्त्याला घालू नये, मिठाने मरेल. टँग माशाला खुशाल घालावे, तो खूश होईल. फक्त त्या दिवशीची कापणी वहीत मांडू नये, कारण माशाच्या दुसऱ्या टोकाने बराचसा माल त्याच पाण्यात जमा होतो.