यकृताला टॉनिक, पायांना रजा

जयपूरच्या तिलक नगरात राहणाऱ्या एका निवृत्त मराठी गृहस्थांच्या सोनोग्राफीत ‘ग्रेड टू फॅटी लिव्हर’ निघाले, तेव्हा ते उसळून म्हणाले, ‘‘पण मी तर कधी घेत नाही!’’ न पिणाऱ्याचे यकृत बिघडावे हा त्यांना सरळसरळ अन्याय वाटला. डॉक्टरांनी गोडाबद्दल विचारले, तेव्हा मात्र त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. राजापार्कचा बाजार शेजारी, मोती डुंगरीच्या गणपतीचे लाडू, श्रावणात घेवर, थंडीत दाल-बाटी-चुरमा. शिवाय घरची पुरणपोळी आहेच. यकृतात पाच टक्क्यांहून अधिक चरबी साठली की ते फॅटी लिव्हर. त्यासाठी दारूच हवी असे नाही; गोडधोड आणि दिवसभराची बैठक एवढ्यावरही काम भागते.

चिठ्ठीत फक्त ‘वजन उतरवा, रोज चाला’ एवढेच होते. एवढी फी घेऊन नुसते चालायला सांगतात म्हणजे काय! गृहस्थ खट्टू झाले.

औषधांची उणीव मग आप्तेष्टांनी भरून काढली. पुण्याच्या मेहुण्याने सिलीमॅरिन सुचवले, साडूंनी फिश ऑइल, शेजारच्या भाभीजींनी गिलोय, म्हणजे आपली गुळवेल. हळदीच्या कॅप्सूल तर एकावर एक फुकट आल्या.

‘‘अहो, इतकं गिळण्यापेक्षा बागेत एक फेरी मारून या,’’ पत्नी म्हणाली.

‘‘गुडघे दुखतात.’’

कचोरी आणायला राजापार्कला जाताना हेच गुडघे कसे शहाण्यासारखे वागतात, हे बाईंनी विचारले नाही. संसार जुना होता.

अडचण अशी, की गिळलेल्या गोळीचा निपटाराही बहुधा यकृतालाच करावा लागतो. आजारी कारकुनाच्या टेबलावर त्याच्याच रजेच्या अर्जांची चळत रचावी, तसला हा प्रकार. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात मुंबईत डॉ. आभा नागराल आणि सहकाऱ्यांना यकृताला इजा झालेले 6 रुग्ण आढळले. करोनाच्या धास्तीने त्या सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. आयुष मंत्रालयाने गुळवेलीची बाजू घेतली. वनस्पती ओळखण्यातच चूक झाली असेल, असे सुचवले. पुढे देशातल्या 13 केंद्रांमधून अशा 43 रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. ‘नैसर्गिक आहे, अपाय कसला?’ हे वाक्य निदान यकृताच्या बाबतीत तरी जपून बोलावे.

सगळ्याच गोळ्या निरुपयोगी, असेही नाही. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत, मधुमेह नसलेल्या रुग्णांना 96 आठवडे ई जीवनसत्त्वाचा मोठा डोस दिला. 43 टक्के रुग्णांच्या यकृतात सुधारणा दिसली. नुसत्या दिखाऊ गोळीवर 19 टक्के. पण हा डोस डॉक्टरांनी ठरवायचा, साडूंनी नव्हे.

चालण्याचा हिशेब अधिक रोकडा आहे. क्यूबातल्या संशोधकांनी यकृताला सूज असलेल्या 293 जणांना वर्षभर आहार-व्यायामावर ठेवले. ज्यांचे वजन दहा टक्के किंवा जास्त उतरले, त्यांच्यापैकी 90 टक्के लोकांची सूज गेली. फक्त तिथवर पोचले दहातले एक! आपले गृहस्थ त्या उरलेल्या नऊंत सहज खपले असते. त्यांच्यासाठी एक दिलासा आहे: काटा जागचा हलला नाही, तरी नियमित व्यायामाने यकृतातली चरबी कमी होते. आठवड्याला 150 मिनिटे भरभर चालणे, हे सर्वसाधारण माप.

आणि ज्यांना गोळीच हवी, त्यांच्यासाठी मार्च 2024 मध्ये अमेरिकेने या आजाराच्या सूज आणि व्रण असलेल्या अवस्थेवर रेस्मेटिरॉम नावाचे पहिले औषध मंजूर केले. मंजुरीतच अट आहे: आहार आणि व्यायामाच्या जोडीने घ्यावे.