रंगावरून पोरीचं नाव : नवशिक्यांसाठी सात पायऱ्या

१. आधी घरातल्यांना गप्प करा. जमणार नाही. पुढच्या पायरीवर या.

२. रंग ठरवा. गौरीत गोरेपण, श्यामलात सावळेपण, अरुणात पहाटेची लाली, नीलिमात निळाई. कापसाच्या मुलखात शुभ्राही शोभेल. आजी विचारेल, ‘हे नाव हाय का रंगाचा डबा?’ उत्तर देऊ नका.

३. अमरावती जिल्ह्याबाहेर शोधू नका. तिवसा तालुक्यात वर्धेच्या काठी कौंडिण्यपूर आहे. विदर्भराजा भीष्मकाची ही राजधानी मानतात. ‘रुक्म’ म्हणजे लखलखतं सोनं. भागवतात त्याची लेकरं मोजा : रुक्मी, रुक्मरथ, रुक्मबाहू, रुक्मकेश, रुक्ममाली आणि रुक्मिणी. एकाच ठाणातून सगळ्यांचे कपडे शिवावेत तसा प्रकार. नाव सुचत नसेल तर या राजाकडे पाहून धीर धरा.

४. नावावरून कातडीचा हिशेब मांडू नका. सोन्याच्या नावाची ही पोरगी भाळली कृष्णावर, म्हणजे सरळसरळ ‘काळा’ नावाच्या माणसावर. थोरला भाऊ शिशुपालासाठी अडून बसला, तर तिनं स्वतःच द्वारकेला निरोप धाडला. अमरावतीकर सांगतात, कृष्णानं तिला नेलं ते इथल्या अंबादेवीच्या देवळातून. स्थळाच्या माहितीत ‘गोरी मुलगी पाहिजे’ असं लिहिणाऱ्या नातेवाइकांना ही पायरी दोनदा वाचायला द्या.

५. दारात उभं राहून हाक मारून पाहा. पंढरपुरात रुक्मिणीची रखुमाई झाली. तुमच्या अंगणात ‘रुखमे, कुठी गेली वं?’ होईल. भिऊन सुवर्णा ठेवलंत तरी सोनीच होणार.

६. नामाक्षर विचारा. ‘रू’ हे स्वाती नक्षत्राचं पहिलं चरण, रास तूळ. गुरुजींनी दुसरंच अक्षर काढलं तर खुशाल दोन नावं ठेवा : एक पत्रिकेतलं, एक हाकेचं. मात्र बारशाला आत्या कानात ‘कुर्र’ करते तेव्हा तिला नाव आधी पाठ करून द्या. नाही तर ती स्वतःच्या आवडीचं सांगून मोकळी होईल.

७. जन्माची नोंद २१ दिवसांत करा. नाव मात्र वर्षभरात, जादा शुल्काविना, त्या नोंदीत घालता येतं. अकोल्याच्या मावशीला आपलं मत मांडायला एवढी मुदत कशीबशी पुरते.