चार पानी अवलक्षण

विनोद अंगावर आला की सरकारं एकतर दुर्लक्ष करतात, नाहीतर पत्रक काढतात. नोव्हेंबर २००५ मध्ये कझाकस्तानच्या परराष्ट्र मंत्रालयाने पत्रकवाल्यांचा मार्ग धरला. निमित्त झालं लिस्बनमधल्या एमटीव्ही पुरस्कार सोहळ्याचं. सूत्रसंचालक होते कझाक दूरचित्रवाणीचे मिशाळ वार्ताहर बोराट सागदियेव, म्हणजे प्रत्यक्षात केंब्रिजमध्ये शिकलेला ब्रिटिश विनोदवीर साशा बॅरन कोहेन. मंत्रालयाने कोर्टात खेचण्याची भाषा केली आणि या गृहस्थांनी कुणाची तरी राजकीय सुपारी घेतली असावी, असा संशयही बोलून दाखवला.

बोराटने लगेच व्हिडिओ काढून सरकारला पाठिंबा दिला. त्या कोहेनशी आपला काडीचाही संबंध नाही, सरकारने खुशाल खटला भरावा! आरोपीच माफीचा साक्षीदार व्हायला निघाल्यावर मंत्रालय काय करणार? कझाक डोमेनवरचं बोराटचं संकेतस्थळ तेवढं बंद पाडण्यात आलं.

मग आला सप्टेंबर २००६. राष्ट्राध्यक्ष नझरबायेव बुशसाहेबांच्या भेटीला वॉशिंग्टनला निघाले होते. देशाची प्रतिमा उजळावी म्हणून 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये चार पानी जाहिरात झळकली. बोराटने कझाक वकिलातीसमोर पत्रकारांना गोळा करून जाहीर केलं, की या जाहिराती म्हणजे शेजारच्या उझबेकांचा खोटा प्रचार आहे. झालं! ज्यांना बोराट ठाऊक नव्हता त्यांनाही ठाऊक झाला. ३ नोव्हेंबरला अमेरिकेतल्या अवघ्या ८३७ चित्रपटगृहांत 'बोराट' लागला आणि पहिल्या तीन दिवसांत त्याने २.६ कोटी डॉलर गोळा केले. बनवायला लागले होते सुमारे १.८ कोटी. प्रसिद्धीचं बिल कझाक राजधानी अस्तानाकडून आलं की नाही, कोण जाणे.

आता या चित्रपटात कझाकस्तान किती? बोराटचं गाव म्हणून दिसतं ते रुमानियातलं ग्लोड. बोराट बोलतो बव्हंशी हिब्रू, त्याचा निर्माता अझमत आर्मेनियन. बाकी सगळी अमेरिका. व्हर्जिनियातल्या रोडिओत बोराट माइक हातात घेतो आणि बुश यांनी इराकमधल्या बायकापोरांचं रक्त प्यावं, अशी शुभेच्छा देतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. पुढे तो अमेरिकेच्या राष्ट्रगीताच्या चालीवर भलतंच गीत गायला लागतो, तेव्हा मात्र हुर्यो उडते. रक्त चाललं, चाल नाही चालली! ज्यांची अशी शोभा झाली त्यांचं सरकार गप्प बसलं. आणि ज्यांच्या देशात कॅमेरा गेलाच नाही, ते मात्र संतापले.

अर्थात नझरबायेव मुरलेले राजकारणी. चित्रपट लागला त्याच महिन्यात लंडनमध्ये टोनी ब्लेअर यांच्या शेजारी उभं राहून त्यांनी सांगून टाकलं, की विनोदी माणसाचा चित्रपट आहे, हसून सोडून द्या. नोकरशाहीला हे पचायला आणखी काही वर्षं लागली. मार्च २०१२ मध्ये कुवेतमधल्या नेमबाजी स्पर्धेत कझाकस्तानच्या मारिया द्मित्रियेन्कोने सुवर्णपदक जिंकलं, तर आयोजकांनी राष्ट्रगीत म्हणून चित्रपटातलं विडंबनगीतच वाजवलं. पठ्ठी छातीवर हात ठेवून शेवटपर्यंत उभी राहिली. अस्तानातून निषेध गेला, आयोजकांनी माफी मागितली. आणि पुढच्याच महिन्यात परराष्ट्रमंत्री काझीखानोव संसदेत काय म्हणाले? बोराटचे आभार; व्हिसाची मागणी दहापट वाढली!

तरी पाहुण्यांनी हद्द ओळखून राहावं. २०१७ मध्ये सहा चेक पर्यटक बोराटची ती कुप्रसिद्ध हिरवी लंगोटी घालून अस्तानात फोटो काढत उभे राहिले, तर पोलिसांनी दंड ठोकला. कोहेनने तो भरायची तयारी दाखवली. २०२०मध्ये चित्रपटाचा दुसरा भाग आला, तेव्हा पर्यटन खात्याने बोराटचं 'व्हेरी नाइस!' हेच घोषवाक्य उचललं.

म्हणजे कोहेनचं भलं झालं, कझाकस्तानचंही झालं. राहिलं ग्लोड. किरकोळ मोबदल्यात आपल्याला कॅमेऱ्यापुढे उभं केलं आणि जगासमोर बलात्कारी नि अडाणी ठरवलं, अशी तिथल्या रोमा गावकऱ्यांची तक्रार. दोघांनी न्यूयॉर्कमध्ये ३ कोटी डॉलरचा दावा लावला. न्यायाधीशांना तो फारच मोघम वाटला. ग्लोडला ना परराष्ट्र मंत्रालय, ना चार पानी जाहिरात काढण्याइतका पैसा. व्हिसा मागायला तर तिथे कुणी येतच नाही.