स्वतः उडा, भाडं घेऊ नका

सर्वांत आधी दहावी पास व्हा. मग 16 व्या वर्षी शिकाऊ वैमानिकाचा आणि 17 व्या वर्षी खासगी वैमानिकाचा परवाना, म्हणजे पीपीएल, मागता येतो. गिअरच्या मोटरसायकलला 18 लागतात, हे घरी मुद्दाम सांगा. तुमच्या बाजूचा तेवढाच एक मुद्दा आहे.

डोळे, कान, छाती तपासून घ्या. वर्ग दोनचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, ते डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, नेमलेले डॉक्टरच देतात. गावच्या दवाखान्यातला फिटनेसचा कागद चालत नाही.

पुढे किमान 40 तास उड्डाण. डहाणू तालुक्यातल्या आपल्या रानशेत गावाला धावपट्टी नाही, त्यामुळे बिऱ्हाड हलवा. 1928 पासूनच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबची शिकवणी धुळ्याला चालते. बारामती, गोंदियालाही शाळा आहेत. तासाचा दर बसून विचारा, हिशेब लाखांत जातो. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधलं खरं. परवाना मात्र गच्चीवर मिळत नाही.

आता खरी कसोटी. एकट्याने 150 सागरी मैल, म्हणजे सुमारे 278 किलोमीटर, उडायचं आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरायचं. नकाशा, होकायंत्र, वारा, ढग यांची लेखी परीक्षा असते. वर गेल्यावर खाली बघून ओळखावं लागतं. आपला मुलूख याबाबतीत उदार आहे. पश्चिमेला समुद्र, त्याच्या कडेने रेल्वे, अलीकडे महालक्ष्मीचा डोंगर आणि डहाणूच्या वीजकेंद्राची 275 मीटर उंच चिमणी. चिमणी बघत उडा, चिमणीकडे उडू नका.

रेडिओवर बोलायचा परवाना वेगळा. गावाचं नाव रेडिओच्या अक्षरांत ‘रोमिओ अल्फा नोव्हेंबर सिएरा हॉटेल एको टँगो’ असं घोका. ही एवढी माणसं कोण, असं आजी विचारेल.

हे सगळं करून मिळतं काय? विमान चालवा, मामा-आत्याला शेजारी बसवा. रात्री उडायला वेगळी मान्यता काढा. पगार, भाडं मात्र बंद. चारोटी नाक्यावरचा जीपवाला सीट मोजून पैसे घेतो, तो तुमच्या पुढेच. कमवायचं तर बारावीला गणित-भौतिकशास्त्र हवं आणि 200 तासांचा व्यावसायिक परवाना. जेआरडी टाटांनी 10 फेब्रुवारी 1929 ला देशातला पहिला परवाना घेतला आणि 1932 मध्ये कराचीहून जुहूला टपाल आणलं. तुम्ही चिकूची पेटीसुद्धा भाड्याने नेऊ नका.

उतरल्यावर आत्या ‘डिझेलला असू दे’ म्हणून खिशात पाचशेची नोट कोंबेल. नोट परत करा. भाकरीचा डबा ठेवून घ्या. तो भाड्यात धरत नसावेत.