पिशवीभर इवलंसं

'व्हाइट कॅसल' हे बर्गरचं दुकान १९२१ साली अमेरिकेतल्या विचिटात उघडलं. बर्गर तेव्हा पाच सेंटांचा, दोन-तीन घासांत संपणारा. चौकोनी टिक्कीला पुढे पाच भोकं आली. खालच्या कांद्याची वाफ त्यांतून वर येते, म्हणून टिक्की उलटायचेही कष्ट नाहीत. भोकांपुरतं मांस वाचतं ते वेगळंच!

हा बर्गर तब्येतीला वाईट नाही हे दाखवायला १९३० साली कंपनीच्या पैशाने मिनेसोटा विद्यापीठात एका विद्यार्थ्याला १३ आठवडे फक्त हेच बर्गर आणि पाणी दिलं. गडी ठणठणीत राहिला. बर्गर निर्दोष सुटला.

पण खरी गंमत आकारात आहे. मोठा बर्गर दुसरा मागवला की माणूस खादाड ठरतो. हे आठ रिचवले तरी 'इवलेसे तर होते!' थेंबे थेंबे तळे साचे. ते कुठे साचतं, हे शर्टाच्या बटणांना विचारावं.