पवनविजयाचा जमाखर्च

वाऱ्याशी उघड वैर धरण्याचा जो अधिकार पूर्वी शिडाच्या गलबतांकडे होता, तो हल्ली ट्रायथलॉनपटूंनी आपल्या नावे दाखल करून घेतला आहे. साठ मिलिमीटर खोलीच्या कार्बनी रिमवाचून नव्वद किलोमीटर सायकल हाकणे हा निव्वळ अविचार होय, अशी ज्याची एकदा खात्री पटली, तो गृहस्थ घरखर्चातून लाखभर रुपयांची मंजुरी अशा शिताफीने मिळवतो, की जुन्या फडणिसानेही त्यास मुजरा करावा. वस्तुतः वाऱ्याचा प्रतिरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्यातील सिंहाचा वाटा चाकांचा नसून वर आरूढ झालेल्या देहाचा असतो. परंतु पोट आत घेण्यापेक्षा पाकीट बाहेर काढणे सोपे! मागल्या साध्या चाकावर प्लास्टिकची तबकडी बसवली तरी बंद चाकाचा बराचसा लाभ अल्प मोलात पदरी पडतो, ही वार्ता दुकानदार सांगत नाही आणि गिऱ्हाईक पुसत नाही. हवाईतील कोना येथील शर्यतीत तर आडव्या वाऱ्याच्या धास्तीने अशा बंद चाकांविरुद्ध मनाईचे फर्मानच काढावे लागले. सबब काटकसरी स्पर्धकास शिफारस एवढीच, की प्रथम कोपरे आवळावीत, मग चांगले टायर घ्यावेत, आणि चाकांची तजवीज भाड्याने करावी. कारण शर्यत एका दिवसाची असते, हप्ते चोवीस महिन्यांचे.